महाळुंग्याहून परत येणारा डबा

पाय मोडला तो भोगीच्या आधी. काही पराक्रम करताना मोडला असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. कामावरून घरी येताना वळणावर खडी पसरलेली होती, मोटारसायकल घसरली, मी खाली आणि गाडी माझ्या नडगीवर. दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि कंपनीतल्या दोघा मित्रांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टची जागा सोडलेली आहे, तिथे सगळे आपापल्या जुन्या सायकली ठेवतात. वर पोहोचल्यावर एक मित्र धापा टाकत म्हणाला, "राव, आता खाली यायचं नाव काढू नको." मी काढलं नाही. काढून उपयोगही नव्हता.

दिघीतलं आमचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लष्कराच्या हद्दीची भिंत दिसते, भिंतीवर काटेरी तार आणि पलीकडे लांबवर नुसतं माळरान. घर घेताना मी याच खिडकीवर भाळलो होतो. समोर कधी कुणी इमारत बांधणार नाही, वारा कायम येणार. आता दिवसभर त्याच खिडकीशी बसायची वेळ आली तेव्हा त्या माळाचा मला राग यायला लागला. एवढी जागा पडून आहे आणि तिथे ना माझा मोडका पाय पडणार, ना धड. रस्ता, दुकानं, माणसं, सगळं इमारतीच्या दुसऱ्या अंगाला. माझ्या वाट्याला भिंत, वाळलेलं गवत आणि सकाळी पलीकडून येणाऱ्या कवायतीच्या शिट्ट्या.

पगार अर्ध्यावर आला तसं बायकोनं कुणाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या बाईबरोबर महाळुंग्याला जाऊन चौकशी केली. तिथल्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या कामाला बायका घेत होते. फर्स्ट शिफ्ट, पहाटे बस, दुपारी परत. आम्ही दोघंही मूळचे धाराशिवकडचे. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हापासून तिनं बाहेर काम केलेलं नव्हतं. तिनं मला सांगितलं ते असं: "मी सोमवारपासून जायलेय. तुम्ही घरी बसूनच आहात, तर पोरीचं आणि चुलीचं बघा." पोरगी तेव्हा दुसरीत. चूल म्हणजे गॅसच, पण आमच्याकडे अजून चूलच म्हणतात.

मी म्हटलं, मला येतं काय? चहा आणि अंड्याची बुर्जी. ती म्हणाली, "मला तरी वायरी जोडता येतात का?"

अशा रीतीने मी ओट्यापाशी आलो. समोरच्या दारातल्या आजींनी त्यांच्याकडचं एक उंच स्टूल दिलं. स्टुलावर मी आणि प्लास्टरचा पाय समोर भरलेल्या गॅस सिलेंडरवर, खाली उशी घालून. या आसनात मी तो उरलेला हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात काढली. वरच्या फळीवरचं काही लागलं तर कुबडीनं ओढायचो. त्यात हळदीची एक बरणी धारातीर्थी पडली.

भोगीच्या दिवशी मी पहिली मोठी भाजी केली. वांगी, गाजर, ओला हरभरा, पावट्याचे दाणे, बोरं, शेंगदाणे, वरून तिळाचं कूट. आदल्या संध्याकाळी बायकोनं सगळं निवडून, चिरून ठेवलं होतं, मला फक्त एकत्र करून शिजवायचं होतं. बाजरीची भाकरी मात्र मला एकट्यालाच थापायची होती. थापली. परातीत ठीक दिसायची, उचलली की तीन तुकडे. शिवाय कडू. पीठ जुनं होतं. बाजरीचं पीठ ठेवलं की कडू होतं हे मला ठाऊकच नव्हतं. आयुष्यभर बाजरी खाल्ली आणि तिच्याबद्दल एवढीही माहिती नव्हती. तिनं तेच तुकडे डब्यात भरले आणि पहाटेच्या थंडीत स्वेटर घालून जिना उतरली. मी तिची पावलं खालपर्यंत ऐकत राहिलो.

दुपारी ती परत आली तेव्हा पावलांच्या आधी डब्याचा आवाज आला. आत काहीतरी खुळखुळत होतं. मला वाटलं, जेवली नाही बाई, भाकरी वाळून टणक झाली. उघडला तर एका वाटीत बोरं आणि दुसरीत हरभऱ्याचे हिरवेगार घाटे.

"हे कुठलं?"

"काकूंनी घातलं. महाळुंग्याच्याच आहेत त्या, कंपनीच्या भिंतीला लागून त्यांचं रान आहे. त्यांच्यात डबा रिता परत देत नाहीत म्हणे."

मग तिनं सगळं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत त्या पाचजणी बसतात, डबे मधोमध ठेवायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. काकू वयानं मोठ्या. एक कोकणातली, बाकीच्या दोघी परभणीकडच्या, आणि ही. माझी भोगीची भाजी पाचही जणींनी खाल्ली होती.

"मी केली हे सांगितलंस?"

"मग काय, मी केली म्हणून सांगू? एवढी अब्रू नाही घालवायची मला." आणि मग काकूंचा निरोप दिला, अगदी काकूंच्या आवाजात: "भाऊला म्हनावं, तीळ भाजायचा आसतोय, जाळायचा न्हाई."

मला राग आला. ज्या बाईला मी पाहिलं नाही, जी मला ओळखत नाही, तिनं माझ्या तिळाला नावं ठेवावीत? दुसऱ्या दिवशी मी तीळ इतका मंद भाजला की भाजी व्हायला उशीर झाला आणि बायकोची बस जवळजवळ चुकली. तिनं जाताना मला सुनावलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी दुपारची वाट बघत बसलो.

खरं सांगायचं तर तिथून पुढे मी घरासाठी स्वयंपाक केलाच नाही. केला तो महाळुंग्यासाठी. माझ्याकडे दुसरं काही येतच नव्हतं. मोबाइल बघून डोळे दुखायचे, मित्र सुरुवातीला आले, मग त्यांचे ओव्हरटाइम सुरू झाले. पोरगी शाळेतून आली की तिच्या जगात. चौथ्या मजल्यावरून रोज बाहेर जाणारी आणि बाहेरून काहीतरी घेऊन परत येणारी माझी एकच वस्तू होती, तो स्टीलचा तीन वाट्यांचा डबा. बाहेर पौष सरला, माघ लागला हे मला दिनदर्शिकेनं नाही, डब्यानं कळवलं. बोरं आणि घाटे गेले, तुरीच्या ओल्या शेंगा आल्या. शेंगा निबर व्हायला लागल्या तशी करडईची कोवळी पानं आली. ती मी स्टुलावर बसल्या बसल्या नाकाशी धरली, कारण करडईची भाजी आमच्या आईच्या हातची होती आणि इथे मंडईत ती मला कधी दिसली नव्हती. परभणीच्या दोघींपैकी एकीनं गावाहून आणलेली. मी लसूण घालून परतली आणि तिखट थोडं जास्तच टाकलं. काकूंचा निरोप आला, "पायासंगं जीभ बी मोडली का?"

एकदा कोकणातलीनं मोड आलेले, सोललेले वाल पाठवले. मला वाटलं कच्चे मोड आहेत, उसळीसारखे कुकरला लावावेत. चार शिट्ट्या केल्या. वालाचा चिखल झाला. तो चिखल मी निगुतीनं फोडणी देऊन, खोबरं पेरून पाठवला. त्या दिवशी निरोप आला नाही, नुसतं हसू आलं. बायको जिन्यातच हसत होती, पिशवी खाली ठेवून हसली, पाणी पिताना हसली. कोकणातलीनं म्हणे वाटीत बोट बुडवून विचारलं होतं, "हे लावायचं कुठे?" मी दिवसभर कोंडून पडलेलो, आणि ही येऊन माझ्यावर हसते, म्हणून मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. तिला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

सगळ्यात मोठी फजिती महाशिवरात्रीला झाली. आदल्या दिवशी काकूंनी ओला लसूण पाठवला होता, पातीसकट. मी ठरवलं, आता या बाईला गप्प करायचं. पहाटे उठून ताज्या पिठाची बाजरीची भाकरी, एव्हाना ती तुटत नव्हती, वर लोण्याचा गोळा, ओल्या लसणाचा ठेचा, वांग्याचं भरीत. बायको घाईत होती, डबा न उघडताच उचलला आणि गेली. दुपारी जिन्यातून काहीच आवाज आला नाही. ती वर आली आणि डबा ओट्यावर ठेवला. जड होता. उघडला तर भाकरी, ठेचा, भरीत, सगळं जसंच्या तसं. कुणी बोट लावलेलं नव्हतं. मला इतका अपमान वाटला की मी कुबडी आपटली.

"आज शिवरात्र आहे," ती म्हणाली. "पाचही जणींना उपास."

"मग काल सांगायचं ना."

 शिवरात्र आहे हे सांगावं लागतं हेच तिच्या गावी नव्हतं, कारण इतक्या वर्षांत ते तिला कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. काकूंनी तिला उकडलेलं रताळं दिलं होतं, आणि डब्यात जागा नव्हती म्हणून एक कवठ पिशवीत टाकलं होतं. रात्री मी त्या कवठाची गूळ घालून चटणी केली. ती तिनं खाल्ली. मी आणि पोरीनं भरीत-भाकरी संपवली.

शिवरात्रीनंतर थंडी खरंच उतरली. आजी दारातून म्हणाल्या, आता बाजरी बंद करा, अंगात उष्णता जाते. मी बाजरी बंद करून ज्वारीवर आलो आणि पुन्हा पहिल्यापासून शिकलो, कारण ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी लागतं आणि तिचा हात वेगळा. आमच्यावर मजला नाही, स्लॅबच आहे. दुपारी तो तापायचा आणि गॅसची धग खालून यायची. प्लास्टरच्या आत खाज सुटायची, मी त्यात पोरीची पट्टी घालून खाजवायचो. भिंतीपलीकडचं गवत एक दिवस कुणीतरी जाळलं, सगळा माळ काळा झाला. त्या दिवसांत मी फार चिडचिडा झालो होतो. पोरीवर ओरडायचो, कुकरवर ओरडायचो. होळीला पुरण वाटून होईपर्यंत माझी पाठ मोडली, आणि पोळ्या तिनंच येऊन लाटल्या. ती दिवसभर उभी राहून आलेली होती. तरी लाटताना गुणगुणत होती.

ती बदलत होती हे मला दिसत होतं. दाराशी चप्पल काढतानाच तिचं बोलणं सुरू व्हायचं. कोणत्या वायरीला कोणती पिन, कुणाचा माल परत आला, सुपरवायझर कुणाला काय म्हणाला. एकदा तिनं चहा पिता पिता सांगितलं की तिला तपासणीच्या टेबलावर घ्यायचं म्हणतायत, तिची नजर पक्की आहे म्हणून. सांगितलं आणि लगेच उठून दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेली. मी म्हटलं, "चांगलंय की." 

फाल्गुनात प्लास्टर निघालं. मित्रांनी पुन्हा खुर्चीतून खाली नेलं आणि वर आणलं, तेवढाच रस्ता बघितला. मग महिनाभर घरातल्या घरात चालण्याचा सराव. पाडव्याला आजींनी खालच्या झाडाचा कडुनिंबाचा कोवळा पाला आणून दिला, मी तो गूळ, जिरं, चण्याची डाळ घालून वाटला. पाडव्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता कामावर जा, जिना सावकाश. मला नाचावंसं वाटलं. बाहेर जायचं. मशीनचा आवाज, टपरीचा चहा, वाहतुकीतल्या शिव्या, सगळं मला हवं होतं. त्या खिडकीकडे पुन्हा बघायचंसुद्धा नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून मला फर्स्ट शिफ्ट आहे. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी शनिवारपर्यंत जाते मग," ती म्हणाली. "तुम्ही चालायला लागलात तेव्हाच सांगून टाकलंय तिकडं. पोरगी दुपारी एकटी कशी राहणार?"

मी "बरं" म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि माणूस सुटतो तेव्हा आत कोण राहिलं हे मागे वळून बघत नाही.

शनिवारी पहाटे मी तिच्यासाठी आंबेडाळ केली. कैऱ्या काकूंच्याच होत्या, गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीआधी आलेल्या. डाळ जाडसर वाटली, कैरी किसली, वरून मोहरीची फोडणी, ओलं खोबरं, कोथिंबीर. सोबत ज्वारीच्या पातळ भाकरी, एकही चीर नसलेल्या. शेवटचा डबा म्हणून जीव ओतून केला. दुपारभर मी ओट्यापाशी उभा होतो. हो, आता उभा राहत होतो. शेवटच्या दिवशी त्या काय पाठवतात याची मला लहान पोरासारखी उत्सुकता लागली होती.

तिची पावलं वर आली. डबा वाजला नाही. तिनं तो पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला आणि मोरीत जाऊन कंपनीचा निळा कोट बादलीत भिजत घातला, धुऊन परत करायचा म्हणून. मी डबा उघडला. तिन्ही वाट्या घासलेल्या, पुसलेल्या, एकावर एक नीट बसवलेल्या. आत काही नव्हतं.

"विसरल्या का?" मी विचारलं.

"नाही. काकू कैऱ्याच घालायल्या होत्या. मीच नको म्हटलं." ती हात पुसत बाहेर आली. "घेतलं असतं तर परत कुठून देऊ? मी काय आता महाळुंग्याला जाणारय का?"

तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, रडली वगैरे नाही. मग स्टूल सरकवून तिची पूर्वीची जागा मोकळी केली आणि संध्याकाळच्या भाजीसाठी विळी घेऊन बसली, खिडकीकडे तोंड करून.

मला फार वाईट वाटलं. त्या खिडकीसमोर दिवस कसा सरत नाही हे या घरात माझ्याएवढं कुणाला माहीत होतं? आणि मला निदान तो डबा येत होता. तिला तोही येणार नव्हता.

मी गॅलरीत जाऊन आमच्या साहेबांना फोन लावला आणि म्हटलं, मला कायमची सेकंड शिफ्ट द्या. सेकंड शिफ्ट कुणालाच नको असते, संध्याकाळच जाते हातची. ते म्हणाले, "भाऊ, तू पायावर पडला होतास की डोक्यावर?" पण दिली. मग मी आजींच्या दारात गेलो. पोरगी शाळेतून आली की मी निघेपर्यंत माझ्याकडे, मग तिची आई येईपर्यंत थोडा वेळ आजींकडे. आजी म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं स्टूल परत आणलं."

आत येऊन बायकोला सांगितलं. तिनं विळी बाजूला ठेवली.

"आणि आपण एकमेकांना दिसायचं कधी?"

"गुरुवारी. सुट्टीला."

 ती उठली, मोरीत गेली, भिजवलेला कोट बादलीतून काढला, खळबळून पिळला आणि सोमवारपर्यंत वाळावा म्हणून दोरीवर टाकला.

सोमवारी तो डबा मी पुन्हा भरून दिला. तिनं तो हातात तोलला. "त्यांनी रिता दिला होता," ती म्हणाली, "आता देणं त्यांच्यावर आलं." आणि पटपट जिना उतरून गेली.

आता असं चाललंय. मी येतो तेव्हा ती झोपलेली असते, मी उठतो तेव्हा ती गेलेली. तसलाच दुसरा डबा घेतलाय, एक ती घेऊन गेलेली असते आणि सकाळी ओट्यावर तिचा कालचा डबा असतो, झाकणाखाली काकूंकडून काय आलं ते असतं. चैत्र सरत आला, कधी कैऱ्या, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी कोवळी काकडी. त्याचंच मी काहीतरी करतो, निम्मं माझ्या डब्याला, निम्मं घरात, आणि तेच दुसऱ्या दिवशी पहाटे ती महाळुंग्याला नेते. निकाल पोरगी सांगते, शाळेचं दप्तर काढता काढता: "आई म्हणाली, मीठ जास्त झालं. काकू म्हणाल्या, बरं झालंय." मी विचारतो, आई आणखी काही म्हणाली का. ती आठवून बघते आणि नाही म्हणते. मग मी तिला आजींकडे सोडतो, डबा घासतो, पुसतो, आणि बायको यायच्या आत जिना उतरतो.